बाळंतपणाचा व्हिसा

अहमदनगर,
३ ऑगस्ट १९७२

श्री. मच्छिंद्र रंगनाथ दरेकर, वकील, मुंबई, यांस

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. उत्तर देताना हा क्रम बिघडवू नये.

एक. माझी एकुलती कन्या दया परिचारिका असून १९६७ पासून अमेरिकेत, शिकागो येथे आहे. तेथे कायम राहण्याचा परवाना तिला १९६९ साली मिळाला; नागरिकत्व अद्याप नाही. दोन. तिचे पती गिदोन तेथील एका कारखान्यात कामास असून आठवड्याचे सहा दिवस घराबाहेर असतात. तीन. गतवर्षी दयाचे पहिले मूल सातव्या महिन्यात गेले. चार. ती पुन्हा गरोदर आहे. दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरतात. ऑक्टोबरपासून तिने अंथरूण सोडू नये असे तेथील डॉक्टरांनी बजावले आहे. पाच. तिने आपल्या आईस बोलावले आहे. मला बोलावलेले नाही, आणि ते योग्यच आहे. सहा. माझी पत्नी मरिया सत्तावन्न वर्षांची असून तिचा पासपोर्ट एप्रिलमध्येच हाती आला आहे. तिकीट जावई पाठवीत आहेत.

सात. आपण माझ्या वर्गात चार वर्षे होता. आपले इंग्रजी कच्चे होते आणि प्रश्न एका ओळीचा असला तरी आपण पान भरून उत्तर लिहीत असा. तथापि परदेशगमनाच्या कागदपत्रांत मुंबईत आपल्याइतका जाणकार दुसरा नाही, असे मला तिघांनी सांगितले. त्यांपैकी दोघांच्या मतास मी किंमत देतो.

व्हिसा अनेक प्रकारचे असतात असे समजते. माझ्या पत्नीसाठी त्यांपैकी योग्य कोणता, हे कळवावे. सोयीचा कोणता, हे मी विचारलेले नाही.

एलिया भिमाजी ओहोळ
निवृत्त मुख्याध्यापक

•

मुंबई,
९ ऑगस्ट १९७२

गुरुवर्य सरांच्या सेवेशी मच्छिंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘आपण’ वाचून मी पाकिटावरचे नाव पुन्हा पाहिले. वाटले, दुसऱ्या कुणाचे पत्र माझ्याकडे आले. वर्गात तुम्ही मला माझ्या गावावरून ‘काष्टीचा बाजार’ म्हणत होता. तेच चालू द्या. ‘आपण’ म्हटले की छडीची आठवण येते.

आता कामाचे, आणि क्रमानेच. प्रकार तीन. पहिला कायम राहण्याचा. तो आईवडिलांना मिळतो, पण मुलगी तिथली नागरिक झाल्यावर. म्हणजे अजून दोन वर्षे. दुसरा कामाचा. त्यासाठी तिकडच्या मालकाने मागणी करायची, त्यांच्या मजूर खात्याने दाखला द्यायचा. तोवर दयाताईचे बाळ चालायला लागेल. उरला तिसरा, भेटीचा. मरियामावशींसाठी योग्य तोच, आणि सोयीचाही तोच. सर, कधीकधी दोन्ही एकत्र येतात.

पण एक गोष्ट मन लावून ऐका. त्यांचा कायदाच असा आहे की जो कुणी समोर येतो, तो तिथे राहायलाच निघाला आहे असे अधिकाऱ्याने धरून चालायचे. नाही, मी परत येणार, हे अर्जदाराने पटवायचे. म्हणून आपण दाखवायचे काय? नवरा इथे, घर इथे, पेन्शन इथे. जाण्याचे कारण, मुलीला भेटणे. मुक्काम, पाच महिने. व्यवसाय, गृहिणी. याच्यापुढे एक शब्दही नको.

मावशींना सांगा, बोर्डिंगात ताप आला तेव्हा त्यांनी चोरून दिलेली पेज मी विसरलेलो नाही. फी वगैरे विचारून मला लाजवू नका.

आपला आज्ञाधारक,
मच्छिंद्र

•

अहमदनगर,
१४ ऑगस्ट १९७२

श्री. दरेकर यांस

पत्र मिळाले. प्रकार समजले. मांडणी मुद्देसूद आहे. याचे मला आश्चर्य वाटले, हे लपवत नाही.

दोन गोष्टींस माझा आक्षेप आहे. माझी पत्नी गृहिणी नाही. तिने एकतीस वर्षे मिशनच्या दवाखान्यात सुईणीचे काम केले आहे. कोल्हारपासून काष्टीपर्यंत ती बैलगाडीने, सायकलीच्या दांडीवर बसून आणि प्रसंगी पायी गेलेली आहे. अशा स्त्रीस गृहिणी म्हणणे म्हणजे मला पेन्शनर म्हणून तेवढ्यावरच थांबण्यासारखे आहे. दुसरे, ती ‘भेटीस’ जात नाही. अडलेल्या मुलीचे बाळंतपण करण्यास जाणारी आई पाहुणी नसते. अर्जात लिहिलेले खोटे नाही हे मान्य. पण ते पुरते खरेही नाही. आणि अपुऱ्या उत्तरास मी आयुष्यात कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

असो. वकील आपण आहात. अर्ज आपल्या सांगण्याप्रमाणे भरून सोबत पाठवतो. मी सहमत नाही, एवढी नोंद घ्यावी.

ए. भि. ओहोळ

•

मुंबई,
११ सप्टेंबर १९७२

गुरुवर्य सरांना नमस्कार.

वकिलातीने २६ सप्टेंबरची सकाळ दिली आहे. मावशींना आदल्या दिवशीच्या गाडीत बसवून द्या. उतरवून घ्यायला मी येतो. मुक्काम आमच्याकडे. तुम्ही येऊ नका, असे धीर करून लिहितो. नवरा इथेच राहणार हे पटवायचे, तर तो त्या दिवशी नगरात असलेला बरा. शिवाय तुम्ही आलात तर त्या साहेबाच्या इंग्रजीतल्या चुका काढाल आणि माझी पंचाईत होईल.

तुमचा आक्षेप मी नोंदवून घेतला. सर, आपल्या मुलीची सेवा करणे हे त्यांच्या कायद्यातही काम नव्हे. पण आपणच ते काम म्हणून लिहिले, तर ते काम होऊन बसते. एवढ्यासाठीच माझा आग्रह. मावशींना फक्त एवढे सांगा, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे.

मच्छिंद्र

•

नगर,
१ ऑक्टोबर १९७२

मच्छिंद्रा लेकरा, मरियामावशीचा सलाम.

मी सुखरूप पोचले. तुज्या बायकोनं दिलेल्या भाकरी दौंडला खाल्ल्या. सूनबाई गुनाची हाय, तिला सांग.

हे पत्र मी मास्तर बाजारात गेल्यावर लिहितेय. त्यांना ह्यातलं काही कळवू नको. तू मला बाहेर आल्यावर इचारलं, मावशी, काय झालं, तवा मी एवढंच म्हनले, साहेब न्हाई म्हनला. आता सगळं सांगते.

आत काचंपल्याड तो साहेब हुता. तरना हाय, दयाच्याच वयाचा. बाजूला दुभाषी बाई, आपल्याच मुलखातली. आधी साहेब लई चांगलं बोलला. म्हनला, मुलगी किती वर्षं तिकडं हाय, तुमी किती दिवस राहनार. मी म्हनले, पाच म्हयने. त्यानं मान हालवली. मंग मी कागद पुढं सरकवले, तू दिलेले सगळे, अन मास्तरांनी माज्या पिशवीत घातलेला बंद लिफाफा पन. मास्तर म्हनले हुते, हा साहेबाच्याच हातात दे, दरेकराला दाखवायची गरज न्हाई. साहेबानं तो फोडला अन निवांत वाचला. मला वाटलं, मास्तरांचं इंग्रजी हाय, साहेब खूश हुईल.

मंग त्यानं इचारलं, तुमी सुईण हाय का. आता ते मला इचारलं, तर मी न्हाई कसं म्हनू? मी म्हनले, व्हय. दुभाषी म्हनली, किती बाळंतपनं केली? मी म्हनले, बाई, मोजायला कुनाला येळ हुता. तिला हसू आलं, अन मला बी जोर चढला. मी सांगितलं, पायाळू पोर कसं काढलं, गाडीत कंदिलाच्या उजेडात जुळी कशी काढली. साहेब म्हनला, तिकडं दुसऱ्या कुनाला गरज पडली तर जाल का? मी म्हनले, आडलेल्या बाईला न्हाई म्हननारी मी कोन?

तवा त्यानं पेन ठिवलं. दुभाषीचं हसू गेलं. ती म्हनली, मावशी, ह्या खेपंला न्हाई जमायचं.

तू सांगून ठिवलं हुतं, मास्तरांनी पन सांगितलं हुतं, इचारलं तेवढंच बोल. माज्या जिभेनं माज्या लेकीचं नुसकान केलं. मास्तरांना मी एवढंच सांगितलंय की साहेब न्हाई म्हनला. तू पन तेवढंच सांग. त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं अन घरातलीला एवढं बी शिकवता आलं न्हाई, आसं त्यांना वाटंल.

दुसरा अर्ज हुतोय का बघ. मी मुक्यावानी बसंन.

मरियामावशी

•

मुंबई,
६ ऑक्टोबर १९७२

गुरुवर्य सरांना नमस्कार.

व्हिसा नाकारला गेल्याचे मावशींकडून कळलेच असेल. काल मी स्वतः त्या अधिकाऱ्यास भेटलो आणि त्याच्याजवळचे सगळे कागद पाहिले. माणूस सज्जन आहे. असे निर्णय त्याच्या अखत्यारीतले असतात. त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. मावशी फार चांगल्या बोलल्या, हे मात्र मुद्दाम कळवतो. त्यांचा काही दोष नाही.

नव्या कारणासह नवा अर्ज करता येतो. दयाताईच्या डॉक्टरांचे पत्र मागवा: रुग्णास अंथरुणावर राहणे भाग आहे, घरी दिवसभर कुणी नाही, आई जवळ असणे इष्ट. ते आले की मी पुढची तारीख घेतो. वेळ थोडा आहे, पण जमेल.

एक विनंती. या वेळी मी स्वतः लावून दिलेले कागद जातील, तेवढेच जावेत.

मच्छिंद्र

•

अहमदनगर,
२० नोव्हेंबर १९७२

श्री. दरेकर यांस

दुसऱ्या अर्जासाठी या महिनाअखेरीस ठरलेली वकिलातीतील भेट रद्द करावी. कारण क्रमाने पुढीलप्रमाणे.

दिनांक १० रोजी जावयांची तार आली. काल त्यांचे पत्र आले. दिनांक ८ रोजी दुपारी दयाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. गिदोन कामावर होते. शेजारच्या बाईने हाक ऐकून दार उघडवले तोवर बाळ अर्धे बाहेर आले होते. मुलगी होती. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. ती बाई भली, पण तिला यातले काही ठाऊक नव्हते. ती दूरध्वनीकडे धावली. रुग्णवाहिका आली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. दया वाचली आहे. ती बोलत नाही.

हे पत्र मी पत्नीस वाचून दाखवले. ती ऐकत होती. वेढ्याचे वाक्य आले तेव्हा तिने उजव्या हाताची दोन बोटे हवेत अशी वळवली, जणू काही सैल करते आहे, आणि म्हणाली, “आसं केलं की निघतोय. मी एका दिवसात दोनदा काढलाय.” मग हात पदराखाली घेतला.

थोड्या वेळाने तिने मला सांगितले की काचेसमोर ती अधिक बोलली, म्हणून व्हिसा नाकारला गेला. आणि हे तिने आपणांस ऑक्टोबरमध्येच लिहिले होते. अर्थात ते पत्र वाचून आपणांस आणखी एक गोष्ट ठाऊक झाली होती, जी आपण मला विचारली नाही. ती मीच सांगतो. तिच्या पिशवीत माझ्या सहीचा एक स्वतंत्र कागद होता.

आपण त्या अधिकाऱ्यास भेटला आहात. त्या कागदाचा परिणाम काय झाला, हे स्पष्ट कळवावे.

ए. भि. ओहोळ

•

मुंबई,
२७ नोव्हेंबर १९७२

गुरुवर्य सरांना नमस्कार.

तुमचे पत्र घेऊन दोन दिवस बसलो आहे. बायकोला वाचून दाखवता आले नाही. तिने स्वतः वाचले आणि मुलांना घेऊन गच्चीवर गेली.

तुम्ही विचारता ते मी कसे सांगू? अधिकाऱ्याच्या मनात नेमके काय आले, हे कुणाला ठाऊक? अनेक कारणे असतात. कदाचित मावशी तिथे असत्या तरीही वेळ टळली नसती. मी वकील आहे सर, ‘कदाचित’ हा माझ्या धंद्यातला रोजचा शब्द आहे. या वेळी तो तुम्ही मला वापरू द्या. जे झाले ते तुमच्या हातून जाणूनबुजून झालेले नाही. ते उकरून काढून कुणाचे भले होणार? मावशींना जपा. दयाताईला जानेवारीत थोडे बरे वाटले की इकडे बोलावून घ्या. तिचे परतीचे कागद मी बघतो.

मच्छिंद्र

•

अहमदनगर,
६ डिसेंबर १९७२

चि. मच्छिंद्र यास,

तुझे पत्र मिळाले. ते दयाळू आहे आणि उत्तर म्हणून निरुपयोगी आहे. मी एका ओळीचा प्रश्न विचारला होता.

त्या कागदाची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे. तीत मी इंग्रजीत काय लिहिले, ते तू साहेबाच्या हाती पाहिले असशील. तरी मराठीत सांगतो. मी लिहिले की अर्जात माझ्या पत्नीचा व्यवसाय गृहिणी असा नोंदला आहे, तो अपुरा आहे. ती या जिल्ह्यातील अत्यंत निष्णात सुईण आहे. जिथे डॉक्टर पोचू शकत नाही तिथे ती पोचली आहे, आणि तिने हात लावलेली बाळे मोठी होऊन आज शेती करतात, शिकवतात, सैन्यात आहेत. ती आपल्या देशात पाहुणी म्हणून येत नाही. आपले कसब घेऊन येते आहे, आणि तेथील इतर स्त्रियांनाही त्याचा लाभ होऊ शकेल. मुलीस गरज असेल तितके दिवस ती तेथे राहील. पुढे कन्या नागरिक झाल्यावर आम्हा उभयतांचा तेथे येण्याचा विचार आहे. आपणांपासून काही दडवावे असे आमच्याकडे नाही.

आठ वाक्ये. प्रत्येक खरे. तू नको म्हणून बजावलेले सर्व त्यांत होते. आज एखाद्या मुलाने असा पेपर माझ्यापुढे ठेवला असता तर त्याने प्रश्नच वाचला नाही असे मी म्हटले असते. मला तो प्रश्न वाचायचा नव्हता. गृहिणी हा एक शब्द मला सहन होत नव्हता.

आता पुढचे लिहितो, ते तुला कळले पाहिजे.

मी मरियाला सर्व सांगितले. दोष तुझ्या बोलण्याचा नव्हे, माझ्या कागदाचा आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, “तुमी माजं मन राखाया बोलताय. तुमाला खोटं बोलायची सवय न्हाई, म्हनून तोंड आसं झालंय.” मी कार्बन प्रत काढली. तिला इंग्रजी येत नाही. मी एकेक वाक्य मराठीत करून वाचले. तिने मान खाली घालून सगळे ऐकले आणि म्हणाली, “हे काय त्या कागदात न्हाई. तुमी आत्ता रचताय.” मी म्हणालो, रचत नाही. ती म्हणाली, “मास्तर, छत्तीस वर्षं झाली लग्नाला. तुमी कालवणाला सुदिक कधी बरं म्हनला न्हाई. अन माज्याबद्दल एवढं लिहाल तुमी? तेबी साहेबाला?”

कधी म्हटले नाही, हे खरे आहे. मला वाटत होते की तिला ते ठाऊक आहे.

गेल्या महिन्याच्या २४ तारखेस नागापूरच्या पुढच्या खडीकेंद्रावरून पुंजाराम म्हणून एक माणूस सायकल मारीत आला. दुष्काळाच्या कामावर त्याची बायको खडी फोडीत होती, तिथेच तिचे पोट दुखू लागले होते. त्याने दारातून हाक मारली. मरिया ओट्यावर डाळ निवडत बसली होती. “माज्याकडनं हुनार न्हाई, बाबा,” ती म्हणाली. “दुसरं कुनी बघा. माज्या आंगाला यश न्हाई.” तो गयावया करू लागला. मी तिची पिशवी खुंटीवरून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती पायाने बाजूला सारली. सारी हयात मी तिला कोणतीही वस्तू पायाने सारताना पाहिले नव्हते. शेवटी मीच त्या माणसाबरोबर जाऊन टांगा करून दिला. दवाखान्याच्या फाटकापाशी टांग्यातच बाळ झाले. दोघेही सुखरूप आहेत. घरी येऊन हे सांगितले, तर मुलगा की मुलगी, एवढेही तिने विचारले नाही.

त्यानंतर आणखी दोनदा माणसे येऊन परत गेली. आता येत नाहीत.

मूल गेले, ते परत येत नाही. दया माझ्या पत्रांना उत्तर देत नाही. तिला मी सर्व कळवले आहे आणि तिने मौन धरले तर तो तिचा अधिकार आहे. पण मरियाचे हात अजून चांगले आहेत. जो अपराध तिने केला नाही त्याच्यासाठी ती ते पदराखाली घेऊन बसली आहे. माझा शब्द तिला पटत नाही. तुझा पटेल. तू तिच्यासमोर लहानाचा मोठा झालास, तू वकील आहेस, त्या साहेबाला तू भेटला आहेस आणि तो कागद तुझ्या डोळ्यांनी पाहिला आहेस.

म्हणून तू तिला पत्र लिहायचे. मला नव्हे, तिला. मराठीत, ठळक अक्षरात, तुझ्या वकिलीच्या छापील कागदावर. साहेबाने तुला काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिही. लिफाफा उघडण्याआधी तो काय बोलत होता आणि उघडल्यानंतर काय विचारू लागला, ते लिही. सुईण आहात का, हा प्रश्न त्याला कुठून सुचला, ते लिही. त्या कागदावर कुणाची सही होती आणि त्यात मरियाविषयी काय लिहिले होते, तेही वाक्यावार लिही. ते वाचताना तिला काय वाटेल याचा विचार करून काही गाळू नकोस. ‘कदाचित’ हा शब्द नको. माझ्यावर दया नको. मी तुझा शिक्षक होतो याचा उल्लेखही नको.

पत्र सौ. मरिया एलिया ओहोळ या नावाने, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठव. पोस्टमनपुढे सही ती करील. मी ते फोडणार नाही. ती सावकाश, अक्षर लावून वाचते. तिचे वाचून होईपर्यंत मी त्याच खोलीत बसून राहीन.

तोंडी निरोप किंवा मनिऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळी मला चालणार नाहीत. नाताळापूर्वी लेखी उत्तर हवे.

एलिया भिमाजी ओहोळ